खलनायकाचं मरण चोरीला

"शुभदाताई, बाबांचं मरण चोरीला गेलं."

झूमवर चिन्मयी रडत होती, म्हणून शुभदाने हसू दाबलं. शुभदा पेंडल हिलमधली लायसन्सवाली डिटेक्टिव्ह. पण सिडनीच्या लॉकडाऊनमध्ये सगळे नवरे घरातच, त्यामुळे पाठलागाची कामं बंद. तिचा भाडेकरू कॉस्मास हाच तिचा बिनपगारी असिस्टंट. तो शेजारी बसून टोस्ट खात होता.

"नीट सांग."

मंडळाच्या ऑनलाइन गणेशोत्सवासाठी चिन्मयीने एक एपिसोड बनवला होता. काऊबॉय हॅटमधला गुप्तहेर, घोडा, पिस्तूल, लाडवाच्या डब्यात लपवलेला वायरलेस. प्रत्येकाने आपापल्या घरी शूट केलं. घोडा म्हणजे इस्त्रीचं टेबल. हिरो क्वेकर्स हिलचा उल्हास. खलनायक चिन्मयीचे बाबा, दत्तात्रय, त्यांनाही हॅट. ठाण्याचे जुने हौशी नट.

"आज संध्याकाळी दाखवायचाय. आणि आज दुपारी, आर्वोला, बघते तर बाबांचा मरण्याचा सीन ड्राइव्हवर नाही. ट्रॅशसुद्धा रिकामा. बाकी सगळं जागेवर."

"मूळ शूट?"

"बाबांच्या फोनवर. पण फोन उचलत नाहीत. कोविड झालाय, चार दिवस हॉस्पिटलमध्ये आहेत. ऑक्सिजनवर. व्हेंटिलेटर लावायचा का, ते उद्या ठरवणार." तिने नाक पुसलं. "ताई, तो त्यांचा शेवटचा सीन आहे. मला तो हवाय. मी सगळ्यांना तेच सांगितलंय, बाबांनाही."

"भेटायला?"

"आत सोडत नाहीत. सकाळी फक्त हा मेसेज आला."

तिने तो लावला. श्वास आधी, शब्द मागून. "चिनू, नाश्त्याला पांढरा लगदा दिलाय. खाल्ला नाही. उल्हासला सांग, पिस्तूल टाकू नकोस, लागेल. माझी हॅट धुऊ नकोस, आकार बिघडतो."

कॉस्मासने टोस्ट खाली ठेवला. "बिचारे."

"ड्राइव्हचा लॉगिन कोणाकडे?"

"एकच आहे, सगळ्यांचा. मी, बाबा, उल्हासकाका. आणि विलासकाका, मंडळाचे अध्यक्ष. त्यांना आधी तपासून पाहिजे होतं."

शुभदाने आधी एपिसोड पाहिला. हिरो खुर्चीला बांधलेला, खलनायक समोर बोलतोय, बोलतोय, बोलतोच आहे.

"गोळी घालायची सोडून हा आपला बेत का सांगत बसलाय?" कॉस्मास वैतागला.

"असल्या एपिसोडमधला खलनायक सांगितल्याशिवाय राहूच शकत नाही. नियम आहे तो. बेत कोणीतरी ऐकायला हवा ना."

मग विलासला फोन. तो फिस्कारला, "गणपतीत पिस्तूल? वर घोडा? निदान उंदीर तरी ठेवायचा! मी सरळ म्हटलं होतं, रद्द करा."

"मग डिलीट केलात?"

"मॅडम, मी करीन तर अख्खा फोल्डर उडवीन. मरण तेवढं काढून मला काय मिळणार? पिस्तूल आहेच की अजून!"

उल्हास स्क्रीनवर हॅट घालूनच आला.

"शुभदा, मी त्यांना गोळी घातल्यावर माणूस तीन मिनिटं भाषण देतो गं! हिरो मी, भाव खाणार दत्ताकाका. कापा म्हटलं होतं मी."

"म्हणून कापलंस?"

"थोडं कापा म्हटलं, मेट! ते पडलेच नाहीत तर मी कसला हिरो? नुसताच हवेत गोळ्या झाडणारा येडा."

फोन ठेवल्यावर कॉस्मास ठामपणे म्हणाला, "विलासच. अध्यक्ष लोक असेच असतात."

"सगळ्यांना झूमवर बोलाव. आणि चिन्मयी, हॉस्पिटलच्या वॉर्डात फोन कर. नर्सला सांग, पेशंटसमोर टॅब्लेट धर म्हणावं."

पाच मिनिटांत पाच चौकोन भरले. एका चौकोनात उशी, नळ्या आणि त्यांच्यामध्ये दत्तात्रय.

"विलासना सगळंच नको होतं, त्यांनी सगळंच उडवलं असतं," शुभदा म्हणाली. "उल्हासला खलनायक मेलेलाच हवा होता. कमी बोलून, पण मेलेला. चोराला मात्र फक्त मरण नको होतं. सीन गेल्याचं चिन्मयीला दुपारी कळलं. पण सकाळीच एका माणसाला माहीत होतं की पिस्तूल पुन्हा लागणार आणि हॅटही जपायला हवी. शूटिंग संपलेलं असताना! कॉस्मास, खलनायकाने आपला बेत सांगितला होता. आपण त्याचा श्वास मोजत बसलो."

कॉस्मासचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे... दत्ताकाका?"

दत्तात्रयांनी मास्क बाजूला केला. "सापडलो."

"बाबा! का?"

"तू सगळ्यांना शेवटचा सीन, शेवटचा सीन म्हणत सुटलीस." दम घ्यायला ते थांबले. "इथे पडून तो पाहिला. वाटलं, हिच्याकडे माझं मरण रेडी आहे. फक्त प्ले दाबायचं. फोनवरचाही पुसला. आता माझ्याशिवाय शेवट होणार नाही. थांबा म्हणावं सगळ्यांना."

"आणि उद्या जर..." चिन्मयी म्हणाली.

"तरी मी तुम्हाला तयार मरण देणार नाही."

नर्सने "दॅट्स इनफ, डार्लिंग" म्हणत मास्क पुन्हा चढवला. त्यांनी तिच्यावर दोन बोटांचं पिस्तूल रोखलं आणि त्यांचा चौकोन काळा झाला.

विलासने घसा साफ केला. "चिन्मयी, राहू दे. मी गेल्या वर्षीची आरती लावतो. शेवट नसलेली गोष्ट कशी दाखवणार?"

"मला तासभर द्या," चिन्मयी म्हणाली. रडणं थांबलं होतं, आवाज खरखरीत झाला होता. "उल्हासकाका, दार उघडून गॅरेजमध्ये बघा. तुम्ही गोळी झाडलीय, प्रेत बघायला आलायत. आत कोणीच नाहीये. रेकॉर्ड करा."

उल्हासने दार उघडलं. रिकाम्या गॅरेजकडे पाहून भुवया उडवल्या.

"पुन्हा."

त्याने हॅट काढून पाहिलं.

"अजून एकदा, काका. तो निसटलाय. हे तुम्हाला पटेपर्यंत मी कट म्हणणार नाही."