अहवालाचं तिसरं पान

भाडेकरूंचं सामान अर्धं वर आलं होतं, तेवढ्यात आतल्या खोलीतलं भिंतीला ठोकलेलं कपाट कोसळलं. सोबत गिलाव्याचे मोठाले पोपडे. भाडेकरूची आई त्याखाली सापडली. तिचा पाय मोडला.

तासाभरात फौजदार बाई त्या ढिगाऱ्यापुढे उभ्या होत्या. फ्लॅट एका शिक्षिकेचा. भाड्याने द्यायला म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदाच घेतलेला.

"भिंत आतून कुजलीय. माहीत असून माणसं राहायला आणलीत?"

"नाही हो! इंजिनिअरकडून तपासून घेतलं होतं. हा बघा अहवाल."

तीन पानं. खाली आकडे मात्र एक, दोन, चार.

"तिसरं कुठाय?"

शिक्षिकेने पानं पुन्हा चाळली. "मी शेवटच्या पानावरची सही तेवढी पाहिली. भाऊजी म्हणाले, सगळं ठीक आहे."

"इंजिनिअरशी बोललात?"

"भाऊजी असताना कशाला, असं वाटलं."

"मुलांचे पेपर असेच तपासता का?"



फौजदार बाईंनी जिन्यात जाऊन इंजिनिअरला फोन लावला. तो फटकळ होता. "कपाटाची मागची फळी काढून पाहिली मी. चार स्क्रू. आत भिंत ओलीचिंब. फळी परत बसवली. घरात एकटाच होतो. सगळं तिसऱ्या पानावर लिहिलंय, वर 'हे घर घेऊ नका' असंही. बाई शाळेत होत्या, म्हणून दलालाच्या ऑफिसात त्यांच्या भाऊजींकडे बंद पाकीट दिलं. तोंडी कुणाला काही बोललो नाही."

फौजदार बाईंनी दलाल आणि भाऊजी, दोघांना स्वयंपाकघरात उभं केलं. बसायला कुणाला सांगितलं नाही.

"पाकीट कुणी फोडलं?"

"माझा काय संबंध?" दलाल उखडला. "माझं काम घर दाखवायचं."

"आणि तुम्ही?"

"बंद आलं, बंद दिलं," भाऊजी म्हणाले. "मेहुणीसाठी राबलो, त्याचे हे पांग फेडले! या फ्लॅटमध्ये मी आज पहिल्यांदा पाऊल टाकतोय."

"इंजिनिअर म्हणतो, त्याने धोका कळवला होता."

"तो काय कळवणार! कपाटाची फळी उचकटून, स्क्रू काढून बघत बसलं तर कुठल्याही घरात खोट निघेल!"

नळ ठिबकत होता. फौजदार बाईंनी तो घट्ट बंद केला.

"फळी उघडली होती हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिसतंय की आत."

"आत चुरा पडलाय. स्क्रू कधी काढले, कधी बसवले, ते त्यातून दिसत नाही. तो इथे एकटा होता. ही गोष्ट लिहिलेली होती फक्त तिसऱ्या पानावर. बंद पाकिटातलं पान तुम्ही वाचलंत कसं? फोडलंत, काढलंत, पुन्हा चिकटवलंत. आता एवढंच सांगा, कशासाठी?"

भाऊजींनी दलालाकडे पाहिलं. दलालाने कच खाल्ली.

"मी फक्त म्हटलं होतं, हा फ्लॅट खपला तर खालचा गाळा तुम्हाला नाममात्र भाड्यात मिळवून देतो. पान फाडा असं नव्हतं म्हटलं!"

शिक्षिका दारातून ऐकत होती. "भाऊजी, त्या कपाटाखाली कुणी मेलं असतं."

"मेलं का? नाही ना! बहिणीचा संसार उघड्यावर आणशील. विचार कर."

"तक्रार तुमच्या नावाने द्यावी लागेल," फौजदार बाई शिक्षिकेला म्हणाल्या. "नसेल द्यायची तर आत्ताच सांगा."

 शिक्षिकेने फोन काढून बहिणीला लावला, भाऊजींच्या डोळ्यांदेखत.

"ताई, दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक. मी तुझ्या नवऱ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार देतेय. त्यांनी अहवालातलं पान काढलं, आणि आज कपाट कोसळून भाडेकरूच्या आईचा पाय मोडला."

 ताईने विचारलं, "त्या बाई कुठल्या दवाखान्यात आहेत? मी तिकडेच येते."