आत आहेत ते

दिवा जरा बारीक करा, डोळ्यांवर येतो. आणि धाकटे, तू आत्ताच पाय वर घेऊन बस, नंतर घेशीलच. खरी का खोटी म्हणाल, तर खोटी असती तर मी जास्त रंगवून सांगितली असती. ज्याच्या बाबतीत ती घडली तो घड्याळजी पंचवीस वर्षं माझ्या दुकानाला लागून बसायचा. ही गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली. तीही मान खाली घालून.

तर हा घड्याळजी एका संध्याकाळी दुरुस्त केलेलं भिंतीवरचं घड्याळ पोचवायला बाईंकडे गेला. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. घड्याळ टांगून झालं तशी त्यांनी कपाटावरून एक खोकं खाली काढलं. आत पाणबुडीचा संच होता. प्लास्टिकचे शेकडो सुटे भाग, आपण जोडायचे. जोडून झाली की हातभर लांब, अगदी खऱ्यासारखी पाणबुडी.

घड्याळजीला हा नाद होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिवसा घड्याळं, रात्री आगबोटी. त्याची बायको म्हणायची, "माझी सवत प्लास्टिकची आहे, भांडायचं तरी कुणाशी?"

बाई म्हणाल्या, "आमचे हे ह्याच पाणबुडीवर आचारी होते. ती वर आलीच नाही. पुढे बुडी मारणारे खाली गेले आणि सगळ्यांचे देह काढले. मोजून सगळे. हे सोडून." मग म्हणाल्या, "लोक म्हणाले, तो चढलाच नव्हता, भिऊन किनाऱ्यावर लपला. सासूबाईही तसंच समजत वारल्या."

त्यांनी मुठीतून एक माणूस काढला. बोटाच्या पेराएवढा. पेन्सिलीच्या लाकडातून त्यांनी स्वतः कोरलेला, हातात झारा घेतलेला. संचात बाकीची माणसं होती, आचारी नव्हता.

"ह्यांना चुलीपाशी उभं करा. मग बंद करून टाका. बाहेरून दिसायला नको. आत आहेत एवढं मला ठाऊक असलं म्हणजे झालं."

आता घड्याळजीची एक खोड होती. जे दिसणार नाही ते काम तो आधी करायचा आणि जास्त मन लावून करायचा. तीन महिने त्यानं पाणबुडीचं पोट भरलं. झोपायच्या फळ्या, नळ, चाकं, तबकड्यांवरचे काटेसुद्धा. चूल सगळ्यात शेवटी रंगवली. रंग ओला होता, म्हणून आचाऱ्याला बाटलीच्या झाकणात ठेवलं आणि सांधा जुळतो का एवढं बघायला दोन्ही अर्ध्या बाजू नुसत्या चिकटपट्टीनं बांधल्या.

इथं घात झाला. सांधा बरोबर बसला की ह्या लोकांचा हात आपोआप गोंदाच्या कुंचल्याकडे जातो. तो गोंद पाण्यासारखा पातळ. कुंचला नुसता टेकवला की फटीतून सरसर पळतो आणि प्लास्टिक वितळवून एक करून टाकतो. घड्याळजीचं लक्ष रेडिओवर. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत कुंचला फिरवून मोकळा झाला. सकाळी बघतो तर पाणबुडी एकसंध, आणि झाकणात आचारी.

उघडायची म्हणजे कापायची. त्यानं कापली नाही. पुट्टी भरली, घासली, रंग दिला. आचाऱ्याला स्प्रिंगांच्या डबीत टाकलं. बाहेरून कोण बघणार आहे, म्हणाला. हो, हाच माणूस, जो न दिसणारं काम आधी करायचा.

डिसेंबरची अकरा तारीख. संध्याकाळी बाईंचा फोन आला. "उद्या आणताय ना? हे आत आहेत ना?"

"आत आहेत ते, बाई."

"चुलीपाशीच ना?"

"चुलीपाशीच."

फोन ठेवला आणि तो जेवला नाही. बायकोनं विचारलं तर पोटाचं निमित्त सांगितलं.

रात्री दोन वाजून दहा मिनिटं. दुकानातल्या सगळ्या घड्याळांत तेवढेच वाजले होते, कधी नव्हे ते. दुकानाच्या वरच्या खोलीत, कामाच्या टेबलावर आवाज झाला. टुक. टुक. टुक. थंडीनं प्लास्टिक आखडतं, तो स्वतःशी म्हणाला. दिवा लावला. खुर्चीवर बसला.

पुन्हा. टुक. टुक. टुक.

त्यानं पाणबुडीला कान लावला. आतून काही नाही. आत नुसती शांतता... आणि मग ठोका पडला. आतून नव्हे. बाहेरून. त्याच्या कानाच्या पलीकडच्या बाजूला. तिथं कुणी नव्हतं. दिव्याचा उजेड होता फक्त.

ठोका पुढे सरकला. जरा थांबला. आणखी पुढे. सांध्यावरूनच. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे...

घड्याळजीला कळलं. कुणीतरी दार शोधत होतं.

मागच्या टोकाला ठोके थांबले. मग परत फिरले. आता हळू. दमल्यासारखे.

"थांबा," तो म्हणाला. "उघडतो."

थांबले.

बारीक करवत घेतली. रंग गेला, पुट्टी गेली, पहाटे सांधा सुटला. डबीतून आचारी काढला. चुलीपाशी उभा केला. चिकटवला. दोन्ही बाजू रबराच्या पट्ट्यांनी बांधल्या आणि उजाडल्यावर तसाच, अंघोळ न करता, बाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

बाईंनी ती चिरफाड पाहिली. त्यानं सगळं सांगितलं. ठोके सोडून. "काल तुमच्याशी खोटं बोललो. ते आत नव्हते. लोकांनी बाहेर ठेवलं, मीही ठेवलं."

तो चपलांकडे बघत राहिला. मग बाई म्हणाल्या, "दाखवा."

त्यानं पट्ट्या काढल्या. बाईंनी चष्मा लावला, वाकल्या. आचाऱ्याकडे बघितलं. मग बोट थोडं बाजूला नेलं, जेवायच्या बाकड्यावर.

"आणि इथं मध्ये कुणाला बसवायचं आहे?"

"कुणालाच नाही..." म्हणत तो वाकला.

त्या बाकड्यावर त्यानं चार खलाशी खांद्याला खांदा लावून चिकटवले होते. दोन महिन्यांपूर्वी. चार जागी वाळलेल्या गोंदाचे चार चकचकीत डाग होते, जिथल्या तिथं. खलाशी मात्र डागांवर नव्हते. दोघे इकडे सरकले होते, दोघे तिकडे. मध्ये एका माणसापुरती जागा होती.