डिसेंबरात भिजलेली गाडी

भिजलेली गाडी चालू कशी करायची, हे चारुदत्त पोतनीसांना तोंडपाठ होतं. एका पावसाळ्यात रायपूरच्या रेल्वेपुलाखाली साचलेल्या पाण्यात त्यांची मारुती बंद पडली, तेव्हा पंडरीच्या भैय्यालाल मिस्त्रीनं त्यांना सगळं दाखवून दिलं होतं. आधी किल्लीला हात लावायचा नाही. बॉनेट उघडायचं, डेल्कोचं, म्हणजे प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डब्याचं, झाकण काढून ते आतून सुती कपड्यानं पुसायचं. मग प्लग काढायचे आणि तव्यावर शेकायचे. पोळ्यांच्या तव्यावर ते काळे प्लग पाहून त्यांच्या पत्नीनं, विजयाताईंनी, जे तोंड सोडलं, ते रात्रीच्या जेवणापर्यंत चालू होतं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच एक जुना बिडाचा तवा काढून दिला आणि त्याच्या दांड्याला चिंधी बांधली, म्हणजे हा गाडीचा, हे लक्षात राहावं.

विजयाताई गेल्या, त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. तवा आणि चिंधी अजून होती.

पोतनीसांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं. ते वाढले पुरानी बस्तीत, जिथं गल्लीतून भाजी आणायला निघालं तरी चार जण अडवून कुठं चाललात म्हणून विचारतात. अशा माणसाला उतारवयात क्वार्टर मिळालं ते नया रायपुरात. राजधानी नवी, रस्ते ऐसपैस, आणि रस्ता ओलांडताना इकडंतिकडं पाहायचंही कारण नाही, कारण येणार कोण? त्यांच्या इमारतीतली बहुतेक घरं कुलूपबंदच होती. संध्याकाळी दिवे लागत आणि रिकाम्या रस्त्यावर उजेड पाडत बसत. विजयाताई होत्या तोवर हे सगळं स्वच्छ आणि मोकळं वाटायचं. दिवाळीत ते रिटायर झाले आणि मग बोलायला माणूस म्हणून उरली ती जिना झाडायला येणारी अंजनाबाई. तीसुद्धा मान हलवून 'हव' म्हणण्यापलीकडे क्वचितच जायची.

पण आता हे सगळं संपणार होतं. त्यांची एकुलती एक लेक निधी नागपूरला होती, तिचे दिवस भरत आले होते आणि जावई सचिन कामासाठी परदेशात अडकला होता. निधीनं बाबांना कायमचंच बोलावलं होतं. डॉक्टर घरापासून लांब, म्हणून गाडी घेऊनच या, असं तिनं दोनदा बजावलं होतं. विजयाताईंनी कसलीच चाहूल नसताना हौसेनं शिवून ठेवलेली दुपटी पोतनीसांनी एका पिवळ्या कापडात बांधली. इतक्या दिवसांनी कुणाला तरी आपली गरज आहे, या विचारानं त्यांना रात्री धड झोपही लागली नाही.

सकाळी किल्ली फिरवली तर गाडी नुसती घरघरली.

आभाळ लख्ख होतं. पाऊस जाऊन दोन महिने होऊन गेले होते. पोतनीसांनी डेल्कोचं झाकण काढलं. आतून थेंब ओघळत होते. दव असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. आयुष्य फायलींत गेलेला माणूस, कारण सापडल्याशिवाय त्याला पुढं जाता येत नसे. झाकण पुसलं, प्लग शेकले. गाडी चालू व्हायला दुपार झाली. आता निघून अंधारात पोचण्यात अर्थ नव्हता, म्हणून उद्यावर टाकलं. खरं सांगायचं तर त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. हातांना पेट्रोलचा वास होता, दिवस कुठं गेला ते कळलं नव्हतं, आणि संध्याकाळी त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पायांखालची मॅट चिंब होती. बाहेरून दारांवर चिखलाची एक बारीक रेघ होती, गाडीच्या चारी बाजूंनी सारख्या उंचीवर. पोतनीसांनी टाकी पाहिली, नळ पाहिले, चौकीदाराला गाडी कुणी धुतली का म्हणून विचारलं. मग खाली बसून फरशीवर तळहात ठेवला. गाडीखाली आणि गाडीभोवती फरशी कोरडी ठणठणीत होती. त्यांनी भैय्यालालला फोन केला.

भैय्यालाल म्हणजे बोलका माणूस, येतानाच शेजारणीच्या स्कूटरपासून मुख्य बाजारातल्या गर्दीपर्यंत सगळं सांगत आला. त्यानं प्लग काढले आणि साहेबांना सेल्फ मारायला सांगितलं. प्लगांच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या, त्याच्या शर्टावर आणि तोंडावर. त्यानं तोंड पुसलं, हाताचा वास घेतला. बोटाला शेवाळाचा हिरवा तंतू चिकटला होता. मग त्यानं एअर फिल्टरचं झाकण उघडलं. आत बोटाच्या पेराएवढी गोगलगाय होती आणि ती हळूहळू चालत होती.

"साहब," तो म्हणाला, "गाड़ी तालाब में उतारे थे क्या?"

पोतनीस हसले. तो हसला नाही. त्यानंतर त्यानं मुकाट्यानं काम केलं, गाडी चालू करून दिली आणि चहाला नको म्हणाला. जाताना एवढंच सांगून गेला, की गाडी या जागेवर उभी करू नका.

पण कॉलनीत जागा नेमून दिलेल्या होत्या आणि पोतनीस नियमाचे पक्के. तिसऱ्या सकाळी रेघ काचेपर्यंत चढली होती. सीटचा स्पंज दाबला की पाणी यायचं. त्यांनी दिवसभर सीट उन्हात घातल्या, मॅट पिळल्या, तव्यावर प्लग शेकले. हाताच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली. पाण्यातलं काम फार झालं, असं त्यांना वाटलं. रात्री जेवतानाही ती तशीच होती.

निधीचा फोन आला तेव्हा ते सीटच वाळवत होते.

"बाबा, तुम्ही काहून नाही येऊन राहिले?"

"गाडी भिजली आहे गं."

"डिसेंबरात? कुठं पाऊस पडून राहिला?" मग तिचा आवाज उतरला. "बसनं या ना मग. गाडीचं पाहू नंतर. मले भीती वाटून राहिली, बाबा. रात्रभर एकटी असते मी."

बसनं जाता आलं असतं. स्टेशनवर जाऊन रेल्वेही पकडता आली असती. हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही, पण आलं आणि निसटून गेलं. उद्या नक्की, असं त्यांनी लेकीला सांगितलं.

फोन ठेवला तर अंजनाबाई झाडू घेऊन मागं उभी होती. पोतनीस तिला पहिल्यांदाच काहीतरी विचारायला गेले आणि ती पहिल्यांदाच इतकं बोलली, तिच्या छत्तीसगढीत, हळू आवाजात. तिचं गाव इथंच होतं. ही कॉलनी झाली ती गावच्या तलावावर. तलाव खोदला की त्याचं लग्न लावतात, मधोमध सरईच्या लाकडाचा खांब रोवतात, वाजंत्री लावतात, आणि मगच लोक ते पाणी वापरतात. इथल्या खांबाला दर वर्षी गावच्या बाया पाण्यातून जाऊन हळद लावायच्या. तीही जायची. मग मशीन आलं, खांब उपटला गेला, माती पडली. साहेबांची गाडी उभी आहे ती बरोबर खांबाची जागा.

"खंभा ला निकाल दिन," ती झाडूच्या काड्या सारख्या करत म्हणाली, "पानी अकेल्ला होगे."

पोतनीसांनी मान हलवली. पाणी एकटं पडलं म्हणे. गावातल्या बायकांच्या समजुती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी चौकीदाराला हाक मारली आणि दोघांनी ढकलत ढकलत गाडी फाटकाबाहेर रस्त्यावर नेऊन लावली.

सकाळी गाडी कोरडी होती. दारांवर रेघ नव्हती. किल्ली फिरवली तशी एका झटक्यात चालू झाली, आणि पोतनीसांना इतकं बरं वाटलं की ते स्टिअरिंगवर हात ठेवून क्षणभर तसेच बसून राहिले. इंजिन जरा तापू द्यावं म्हणून त्यांनी ते चालूच ठेवलं. दुपट्यांचं पिवळं गाठोडं जिन्याच्या पायरीवर राहिलं होतं, तेवढं आणायला ते परत फिरले.

फाटक आणि पायरी यांच्यामध्ये गाडीची रिकामी जागा होती. ते तिच्यावरून निघाले आणि मधोमध थांबले. काही कारण नव्हतं. तेलाचा डाग पाहायला म्हणा.

बुटांत गार लागलं. त्यांनी वाकून फरशीला हात लावला. ती कोरडी होती, उन्हानं किंचित तापलेली.

खिशात फोन वाजला.

"निघाले का बाबा?"

"निघालोच. गाडी चालू आहे, हे ऐक." त्यांनी फोन रस्त्याच्या दिशेला धरला. "आवाज येऊन राहिला?"

"येऊन राहिला." निधीचा जीव भांड्यात पडल्याचं तिच्या आवाजावरून त्यांना इथून कळलं. मग ती म्हणाली, "पण बाबा, तुमच्या आजूबाजूला पाणी काहून वाजून राहिलं?"

ते नळाबद्दल काहीतरी बोलले आणि फोन खिशात टाकला. आता निघायचं. गाठोडं समोरच होतं, दहाबारा पावलांवर.

गारवा घोट्यापर्यंत आला. मग गुडघ्यापर्यंत.

त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. विजया गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना चारी बाजूंनी टेकून उभं होतं. त्याला घाई नव्हती, त्याचं काही मागणं नव्हतं. त्यांनी फक्त हलू नये, एवढंच. एक मिनिटभर, असं त्यांनी ठरवलं. मग निधीकडे.

सावल्या पायांशी आल्या आणि दुसऱ्या बाजूनं लांब होऊ लागल्या.

रस्त्यावरचं इंजिन दोनदा खोकलं आणि पेट्रोल संपून बंद पडलं.

गारवा छातीशी होता. फोन पुन्हा वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. आवाज खूप खालून आल्यासारखा बुजलेला. निधीच असणार, आणि या वेळी तिला खरंच गरज असणार, हे त्यांना कळत होतं. त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला. हात अंगाला लागून सरळ खाली होते आणि तिथंच राहिले. पायरीवरचं पिवळं गाठोडं त्यांना स्पष्ट दिसत होतं.

अंजनाबाई फाटकातून आत आली. तिच्या हातात आज झाडू नव्हता, पानाचा दोना होता. तिनं पोतनीसांकडे पाहिलं आणि हाक मारली नाही.

फरशीच्या कडेला तिनं चपला काढल्या. दोन्यातली हळद सांडू नये म्हणून तो उंच धरला, दुसऱ्या हातानं लुगडं गुडघ्यांच्या वर उचललं, आणि कोरड्या फरशीवरून, एकेक पाऊल चाचपत, ती सावकाश त्यांच्याकडे यायला लागली.