शुक्रवारचं वायफाय

"चोर घरातलाच, बाई! माझ्या खात्याचा पासवर्ड फक्त वहिनीला ठाऊक होता." अर्चनाने डोळे पुसले.

सरावलीच्या चाळीतली ती खोली. अर्चनाला नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. शुक्रवारी तिने वेबसाइटवर जाऊन ती पक्की केली, आणि संध्याकाळी तिच्याच खात्यातून कुणीतरी ती सोडून दिली. आळ आला रूपलवहिनीवर. ती बिचारी कोपऱ्यात बॅग भरत होती, वाणगावला माहेरी जायला.

खासगी गुप्तहेर चारुता सावे शांत होत्या. त्यांचे सोबती धर्माजी, निवृत्त वायरमन, यांनी मात्र मनातल्या मनात रूपलला केव्हाच दोषी ठरवलं होतं.

"शुक्रवारी काय झालं?" चारुताबाईंनी विचारलं.

"शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवलेली. माझा नेटपॅकही संपलेला. तेवढ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या शेजारच्या विपुलने हाक मारली, 'वायफाय चालू आहे, उरकून घे.' मोबाइलवर लाल इशारा आला, जोडणी सुरक्षित नाही म्हणून. विपुल म्हणाला, 'असं येतंच, पुढे दाब.'"

"जागा सोडली गेली तेव्हा मी नळावर होते हो!" रूपलला हुंदका फुटला.

विपुल दारातच उभा होता. "प्रतीक्षायादीत पहिला मी, म्हणून चोरही मीच? वायफाय अख्खी चाळ वापरते."

"खरं हाय," चाळीच्या मालकीण रत्नाबाई म्हणाल्या. "वायफायचा डबा माझ्या घरात हाय, पासवर्ड सगल्यांना ठाव."

"इन्व्हर्टर आहे?" चारुताबाईंनी विचारलं.

"नाय गो बाय! लाइट गेली का हातपंखा."

चारुताबाई हसल्या. "धर्माजी, जन्मभर तारा ओढल्यात ना? लाइट नसताना तो डबा चालेल?"

धर्माजींनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! कसा चालेल?"

"मग वायफाय आलं कुठून? मोबाइलचं नेट जोडलेल्या, बॅटरीवरच्या लॅपटॉपमधून. नाव तेच, पासवर्ड तोच, म्हणून अर्चनाचा मोबाइल फसला. लॅपटॉपवाला मधे बसून वेबसाइटचं सोंग घेत होता, म्हणून तो लाल इशारा. अर्चना पुढे गेली आणि तिच्या खात्याचा पासवर्ड त्याच्या हाती पडला. आता सांगा, लाइट नसताना वायफाय चालू असल्याचं कुणाला ठाऊक होतं? इशाऱ्यावर पुढे दाबायला कुणी लावलं? आणि ही जागा कुणाला मिळणार होती? लॅपटॉप आण, विपुल."

विपुलने लॅपटॉप आणून समोर ठेवला. "तिसरं वर्ष वाट बघतोय हो मी..."

"वाट बघणारे पुष्कळ असतात. कबुली लिहून दे. मी कॉलेजात बोललेय, चोरी सिद्ध झाली तर अर्चनाची जागा तिला परत मिळेल."

हुश्श! धर्माजींच्या मनावरचं ओझं उतरलं. त्यांनी मान खाली घालून रूपलला हात जोडले.

अर्चना वहिनीच्या गळ्यात पडून रडू लागली. "वहिनी, मी तुला..."

"पुरे आता," रूपल रडता रडता हसली. "मी बॅग रिकामी करते. तू भात टाक, सकाळपासून कुणी जेवलेलं नाही."