मेंढरांनी मीठ सोडलं

मुठा गावच्या गायरानावर तुकाबाई धनगरिणीची पाच-सहा मेंढरं मरून पडली होती. एक कोकरू मेल्या आईला ढुशा देत होतं, दूध मागत होतं.

फौजदार साधना उकिडवी बसली. मेंढ्यांचे ओठ काळे, चिकट. पुढचे खूरही तसेच. मागचे मात्र कोरडे.

गावाने शेजारच्या शेतातल्या दत्ताचं नाव घेतलं. मेंढरं त्याच्या हरभऱ्यात शिरली, तेव्हा एकेकीला औषध पाजीन म्हणून तो चारचौघांत ओरडला होता. शेजारच्या दगडखाणीचा मालक धनाजी म्हणाला, ही साथ आहे, धनगरांचा वाडा, सगळा तळच, आजच्या आज मुलूख सोडून जाऊ दे. वरून साधनालाही फोन आला: साथ लिहा, मोकळ्या व्हा.

"हलायची न्हाई," तुकाबाई म्हणाली. "ह्यो माळ सरकारचा. माज्या सासूनं हितं हयात काढली."

"काल काही वेगळं घडलं?"

"काल दगडावर मीठ टाकलं, बाय. एरवी एकमेकींच्या अंगावर चढत्यात. काल हुंगलं नि फिरली, जेवून आलेल्या पाव्हण्यावानी."

"आजारी होत्या?"

"कुटल्या? चांगल्या चरत हुत्या."

दत्ताच्या घरी फवारणीच्या औषधाची बाटली निघाली. झाकण सीलबंद.

"बोल्लो मी, मॅडम. पण बोलणारा कुटं घालतो व्हय?"

साधना धनाजीकडे वळली. "तुमची खाण कधी बुजवली?"

"नुकतीच. पोरंढोरं पडायची. लाल मुरूम टाकला."

"आणि मेंढ्यांच्या तोंडाला हे काळं?"

"रस्त्याचं डांबर आसंल."

साधनाने तुकाबाईला उरलेली मेंढरं सोडायला सांगितली. कळप गवत ओलांडून थेट खाणीवर गेला आणि पुढच्या खुरांनी मुरूम उकरू लागला. तोंड लागायच्या आत तुकाबाईने काठी आडवी घातली. साधनाने तिथे फावडं मारायला लावलं. हातभर खाली काळी तेलकट वाळू निघाली. वाळूत शिंपले.



"मेंढ्यांनी घरचं मीठ सोडलं, कारण त्यांना दुसरं मिळत होतं," साधना म्हणाली. "डांबराला मीठ नसतं. डोंगरात खारं येणार कुठून? मागे कोकणात जहाजातलं तेल किनाऱ्यावर सांडलं, पेपरात आलं होतं. सरकारने किनारा साफ करायचा ठेका दिला. ही वाळू कारखान्यात जाऊन जळायला हवी होती. ठेकेदाराने ती ताम्हिणी घाट चढवून तुमच्या खाणीत ओतली. तिकडे किनारा स्वच्छ झाल्याचे फोटो निघाले. मुरूम तुम्ही माणसांच्या डोळ्यांसाठी पसरलात, धनाजीराव. मेंढी जिभेने शोधते. ती उकरणार हे कळलं, म्हणून तुम्हाला वाडा हलवायची घाई."

धनाजी हसला. "सरकारचाच माल हाय, मॅडम. वर इचारा."

"विचारीन. आधी पंचनामा."

खिशातला फोन वाजत राहिला. तिने तो बंद केला आणि पंचांना पुढे बोलावलं.

तेव्हा धनाजी तुकाबाईजवळ गेला, आवाज उतरवून. गेली त्याच्या दुप्पट मेंढरं देतो म्हणाला, फक्त वाडा हलव.

"हलवते की."

तिने मेंढरं कोंडायची जाळी उपटली, खांद्यावर घेतली आणि खाणीच्या वाटेवर आडवी ठोकली. कळप मधोमध बसवला. पुढे डंपर आले, भोंगे वाजले, साहेब येऊन समजावून गेले. खाणीतली वाळू परत न्यायला रिकामा डंपर आला की तुकाबाई जाळी बाजूला करी, ती भरून बाहेर निघाला की पुन्हा करी. घाटाखालून नवी वाळू भरून आलेल्या एकालाही तिने वाट दिली नाही.