पडद्यामागचे कान

तो पहिल्यांदा दुकानात शिरला, तेव्हा दिलशाद पडद्यामागं तांदूळ निवडत बसली होती आणि तिच्या करंगळीला एक काळा दोरा बांधलेला होता.

हा दोरा कसला, ते आधी सांगायला हवं. जर्मनीची लढाई संपून वर्ष उलटलं होतं. सांगलीत हळदीच्या पेठेमागच्या गल्लीत तिच्या अब्बांचं, इमामचाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. घड्याळं, शिवणयंत्रं आणि तबकड्या वाजवायचे फोनो दुरुस्त करावेत ते इमामचाचांनीच, असा त्यांचा लौकिक. पण दोन वर्षांपूर्वी त्यांनी तापानं अंथरूण धरलं, आणि उठले तेव्हा कान गेलेले होते. आता बहिऱ्या माणसाकडं फोनो घेऊन कोण येणार? दिलशादची आई कधीच गेलेली. बापलेकीनं ही गोष्ट चार भिंतींच्या आतच ठेवली.

गिऱ्हाइकाच्या ओठांवरून चाचा बोलणं ओळखायचे. फोनो वाजवून बघायची वेळ आली की पडद्यामागून कान द्यायची दिलशाद. दोऱ्याचं दुसरं टोक टेबलाखाली चाचांच्या पायाच्या अंगठ्याला असायचं. एक झटका म्हणजे आवाज वाईट. दोन झटके म्हणजे छान. गिऱ्हाईक समोर मान डोलवायचं, आणि चाचा अंगठ्याच्या भरवशावर म्हणायचे, "बघा, आता कसा गोड झाला!"

तर त्या शनिवारी उताऱ्यांच्या सर्व्हिस मोटारीच्या टपावरून उतरवलेली फोनोची एक भलीमोठी शिसवी पेटी दुकानात आली. मागोमाग खाकी कोट घातलेला उंच तरुण आत आला. बुटांवर हळदीची धूळ.

"सलाम चाचा. मी बशीर. वडूजचा. ह्येला तेवढी दांडी बसवून द्या."

यंत्र मात्र बघत राहावं असं होतं. ताटलीला हिरवी मखमल, आत कर्णा, किल्ली दिली की पाण्यासारखं फिरायचं. पुण्याच्या कॅम्पात विलायतेला निघालेल्या एका साहेबानं ते बशीरला विकलं होतं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त सुई धरणारी, आवाज कर्ण्यापर्यंत नेणारी पोकळ दांडी कुठंतरी हरवली होती.

"यंत्र कितीबी भारी असू दे गड्या," चाचा म्हणाले, "ताटली नुस्ती फिरती. गानं उचलती ती दांडी. लय हलकी असली तर उड्या मारती, जड असली तर तबकडी खरवडून काढती. माज्याकडं तीन हायत. वाजवून बघू."

पहिली दांडी बारीक होती. दोन ओळी झाल्या नाहीत तोच सुई उडून तिसऱ्या ओळीत गेली. पडद्यामागून एक झटका. चाचांनी मान हलवली.

दुसरी जाडजूड पितळी. केवढा मोठा आवाज! पण त्यामागं बारीकशी करकर होती, दाताखाली खडा आल्यासारखी. दिलशादनं तोंड वाकडं केलं आणि झटका दिला.

"ही न्हाई," चाचा म्हणाले.

बशीरनं मात्र अंगठा हललेला पाहिला होता. इटलीत तीन वर्षं तो बिनतारी पथकात होता. यंत्राची कट्-कड ऐकून निरोप ओळखायचा, हेच त्याचं काम. त्याची नजर दोऱ्यावरून सरकत सरकत पडद्यापाशी गेली. तिथं खाली चार निळ्या बांगड्या दिसत होत्या... आणि त्याला खोडी काढायची लहर आली.

"मला हीच पायजे चाचा."

एक झटका. जोरात.

"आख्ख्या वडूजला ऐकू जाईल. हीच बसवा!"

दिलशादचं डोकंच फिरलं. काय म्हणावं या माणसाला! रागाच्या भरात तिनं दोरा ओढला... आणि पुन्हा ओढला.

दोन झटके! चाचांचा चेहरा खुलला. "हां, बसली की आता! झ्याक हाय!" म्हणत त्यांनी पाना उचलला आणि ती अवजड दांडी आवळायला घेतली.

"आवं, नगं! ती नगं! तबकडीची पार चाळण व्हईल!" दिलशाद पडद्यामागून ओरडली.

चाचांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते शांतपणे पाना फिरवत होते.

बशीरच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्याला सगळं कळलं. पडद्यामागं दिलशादनं तोंडावर हात दाबला. याचा एक शब्द पेठेत गेला की दुकान बंद... आणि अब्बांचा लौकिक धुळीला मिळणार.

बशीरनं चाचांच्या हातावर हात ठेवला. ओठ स्पष्ट हलवत म्हणाला, "चाचा, माजं मन बदललं. तिसरी दावा की." मग मान न वळवता, हलक्या आवाजात म्हणाला, "घाबरू नगा. आमी बिनतारीवाली मान्सं. दुसऱ्याचा निरोप फोडत न्हाई."

तिसरी दांडी नागमोडी होती, ना जड ना हलकी. सुई टेकली, आणि गाणारी बाई जणू उंबऱ्याशी येऊन बसली. पडद्यामागून दोन झटके आले. अगदी हळू. बशीरनं त्या दिवशी गाणं ऐकलंच नाही. तो अंगठ्याकडंच बघत राहिला.

पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा हजर. पेटीसकट!

"आवाज जरा घोगरा येतोय चाचा."

चाचांनी दांडी खोलायला घेतली. मान खाली, डोळ्याला भिंग. आता त्यांना ओठ दिसत नव्हते.

"काय बिगडलंय?" पडद्याआडून प्रश्न आला.

"कायबी न्हाई."

"मग एवढं धूड उचलून कशापायी आनलं?"

"वडूजात ऐकाय बरं वाटत न्हाई. हितं लय बरं वाटतं."

"यंत्र तर तेच हाय."

"व्हय... पन तिकडं पडदा न्हाई."

दिलशादनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच.

असे चार शनिवार गेले. पुढं कितीतरी वर्षं दिलशादला ते शनिवार आठवायचे... गल्लीतून येणारा हळदीचा वास, तेलाची कुपी, आणि सर्व्हिस मोटारीचा भोंगा ऐकला की उगाचच बांगड्या सारख्या करणारी ती. त्यानं तिला इटलीतला बर्फ सांगितला. तिनं त्याला सांगितलं, की शेजाऱ्यांचं घड्याळ रोज किती मागं पडतं ते तिला इथं बसून ऐकू येतं. अब्बा दोघांच्या मधोमध बसून स्क्रू फिरवत असत.

चौथ्या शनिवारी चाचांनी अचानक मान वर केली. "काय म्हनतूस रं?"

"काय न्हाई चाचा. थंडी लय हाय म्हनलं."

"व्हय, लय हाय बाबा," म्हणून चाचा भाबडेपणानं हसले आणि पुन्हा कामाला लागले.

दिलशादनं करंगळीच्या दोऱ्याकडं पाहिलं. ती त्यांचा कान होती. आणि त्यांच्याच दुकानात बोललेलं ती त्यांच्यापासून चोरत होती.

"ऐका," ती म्हणाली. "साताऱ्याहून खातूनबी फुफीचा सांगावा आलाय. माजी थोरली फुफी, अब्बांची भैन. सुक्करवारी पाव्हणं घिऊन येनार हाय, मला बघायला. आदी दोनदा मी न्हाई म्हनलं. अब्बांना सोडून कशी जाऊ?"

बशीर पडद्याकडं सरकला.

"मला व्हय म्हना," तो म्हणाला. "शेत भाऊ बघंल. मी सांगलीत येतो. हितं, ह्या दुकानात बसतो."

"आन अब्बांना काय सांगायचं? चार शनवार तुमच्या नाकाम्होरं बोललो, तुमाला ऐकू येत न्हाई म्हनून?"



दिलशादनं करंगळीचा दोरा सोडला. पडदा सारला आणि ती बाहेर आली. बशीरनं तिचा चेहरा आज पहिल्यांदा पाहिला, पण ती त्याच्याकडं बघतच नव्हती. ती अब्बांसमोर बसली, दारातला उजेड तोंडावर येईल अशी, आणि एकेक शब्द सावकाश बोलली.

"अब्बा. तुमाला ऐकू येत न्हाई म्हनून मी ह्येंच्याशी बोलले. चार शनवार. माजं चुकलं. आता तुमच्याम्होरं बोलते. मला... मला हा मानूस आवडतो. पन तुमाला सोडून मी कुटं जानार न्हाई."

चाचांनी भिंग खाली ठेवलं. लेकीकडं पाहिलं, मग बशीरकडं वळले.

"तू बोल. सावकाश बोल."

पडद्याशी इतकं गोडगोड बोलणाऱ्या बशीरची जीभ जड झाली. "चाचा... माजंबी त्येच हाय. मी सांगलीत ऱ्हातो. हात तुमचं, कान आमचं. गिऱ्हाइकाला सरळ सांगू. ज्याला यायचं त्यो येईल."

"पुन्यांदा बोल."

तो पुन्हा बोलला.

"अजून येकदा."

बशीरला घाम फुटला. दिलशादनं घाबरून अब्बांचा हात धरला. "कळंना का, अब्बा?"

"पयल्यांदाच कळलं गं," चाचा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तुज्या मनासारकंच व्हईल. खातूनला मी सांगतो. पन दोन वर्सं झाली... माज्याशी कुनी इतकं निवांत बोललंच न्हाई. समदी कामापुरती बोलत्यात. तूसुदिक."

दिलशाद आणखी पुढं सरकली. बशीरही तिच्या शेजारी येऊन बसला, आणि दोघांनी अब्बांना पहिल्या शनिवारपासूनचं सगळं सावकाश सांगायला घेतलं.