उरलेला उजेड

दार न वाजवताच कुणीतरी आत आलं, तशी तिनं अंगावरचा स्वेटर ओढून काढून थेट संगणकाच्या स्क्रीनवर टाकला आणि ती म्हणाली, "डोळे मिटा आधी."

त्यानं मुकाट्यानं मिटले. ताडमाड उंच, हातात किल्ल्या, चेहरा चोरी पकडल्यासारखा. "मजला चुकला," तो म्हणाला. "माझी खोली बरोब्बर याच्या वर आहे... म्हणजे तुम्हीच त्या?"

"मीच ती. आणि तुम्ही ते."

तो मागे वळला आणि दारावर आपटला. डोळे अजून मिटलेलेच होते. तिला हसू आवरेना.

दोघांचं काम एकच होतं. अवकाशातल्या दुर्बिणीनं टिपलेल्या आभाळाच्या फोटोंतून एकेक तारा, एकेक दीर्घिका पुसून टाकायची. सगळं पुसलं तरी मागे एक मंद उजेड उरतोच, डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. तो येतो कुठून? अगदी पहिल्यावहिल्या ताऱ्यांकडून, की दीर्घिकांच्या टकरीत बाहेर फेकल्या गेलेल्या, मधल्या अंधारात एकटेच फिरणाऱ्या ताऱ्यांकडून? या भटक्या ताऱ्यांचा वाटा शंभरात किती, हे दोघांनी वेगवेगळं काढून बंद पाकिटात द्यायचं होतं. आणि पाकिटं उघडेपर्यंत कामाबद्दल अवाक्षर नाही, असा विभागप्रमुख मोठ्या बाईंचा दंडक होता.

मग काय, बोलायला बाकी सगळं जग मोकळं होतं. कॅन्टीनच्या खिडकीपाशी कॉफी गार होऊन जायची.

"आज आभाळ काय सुंदर—"

"आभाळ शब्द बाद."

"बरं... वर ते जे निळं असतं, तोच रंग तुमच्या स्वेटरचा आहे."

"फार धीट झालात हं."

"डोळे मिटायला तुम्हीच लावलेत. उघडल्यावर असंच व्हायचं."

तीन महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

पाकिटं उघडायच्या आदल्या दुपारी तिचा आकडा आला. एक्केचाळीस. त्याचाही तोच येणार, याची तिला खात्री होती. आकडे जुळले की काम संपलं, आणि शुक्रवारी तो दूरच्या वेधशाळेत रुजू होणार. नाही जुळले, तर दोघांनी एका खोलीत बसून चूक शोधायची. निदान सहा महिने!

फोटोंतून वजा करायचा सूर्याभोवतीच्या धुळीचा उजेड जरासा कमी धरला, तर तिचा आकडा सेहेचाळीस होत होता. कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिनं तो लिहिला आणि बघत बसली. पण आपणच लपवलेली चूक त्याला सहा महिने शोधायला लावायची? शेजारी बसून, गोड हसत? तिनं एक्केचाळीस लिहून पाकीट चिकटवलं आणि मग पोटभर रडून घेतलं.

सकाळी बाईंनी दोन्ही पाकिटं फोडली. "एक्केचाळीस. आणि... एक्केचाळीस."

टाळ्या पडल्या. बाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "याचं हे दुसरं पाकीट बरं का. पहिलं कालच दिलं होतं. आज साडेसहाला दारात उभा, पायात दोन वेगळ्या चपला. म्हणे, आकडा चुकलाय, परत द्या. मी न उघडताच दिलं."

सगळे हसले. ती हसली नाही. जिन्यात तिनं त्याला गाठलं.

"पहिल्या पाकिटात काय होतं?"

"पस्तीस." तो पायरीकडे बघत राहिला. "मुद्दाम. तुझ्याबरोबर सहा महिने मिळाले असते... पण तुला खोट्याच्या मागे लावायचं जमेना."

"मी सेहेचाळीस लिहिला होता. वीस मिनिटं."

"म्हणजे अकराचा फरक? वर्षभर शोधत बसलो असतो."

आता मात्र ती हसली, आणि डोळेही भरून आले. "मला तू आवडतोस," ती म्हणाली. "हे कामाबद्दल नाही, तेव्हा आधीच सांगायला हवं होतं."

"मलाही... फार." त्यानं तिचा हात धरला. "तिकडे आणखी एक जागा आहे. विचारून ठेवलंय. शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

"अर्ज आणलायस?"

"आणलाय. पण भर तुझा तूच. माझ्या हातून हल्ली आकडे चुकतात."